पट्टा न बांधता रक्तदाब : बेळगाव परिसरातील प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२५, बेळगाव

प्रकल्पाचा हेतू पहिल्याच पानावर स्पष्ट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे उपकरण जमवण्याच्या उत्साहात तो नजरेआड होणार नाही. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूच्या वाड्यांमध्ये बीपी तपासायचा म्हणजे एक तर आशाताईंची वाट पाहायची, नाही तर एसटीची वेळ साधून आरोग्य केंद्र गाठायचे. आम्ही पाहिले त्या ठिकाणी आशाताईंच्या पिशवीत यंत्र होते, पण पट्टा एकाच मापाचा होता. पट्ट्यातील हवेच्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या सुमारे ४० टक्के आणि लांबी सुमारे ८० टक्के असावी लागते. जाड दंडाला लहान पट्टा आवळला की आकडा खोटा चढतो. शिवाय चारचौघांत बाही वर सारणे बायकांना संकोचाचे वाटते, म्हणून पट्टा सर्रास ब्लाउजच्या बाहीवरूनच गुंडाळला जातो. ही सगळी अडचण टाळून बोटाच्या स्पर्शाने रक्तदाब सांगणारे, खिशात मावणारे उपकरण करता येईल का, हा आमच्या कामाचा विषय आहे.

१८९६ मध्ये रिव्हा-रोची यांनी दंडाच्या पट्ट्याची पद्धत आणली आणि १९०५ मध्ये कोरोत्कोव्ह यांनी पट्ट्याखालचे आवाज ऐकून वरचा आणि खालचा असे दोन्ही दाब ओळखायला शिकवले. सव्वाशे वर्षे टिकलेल्या या पद्धतीच्या जागी दुसरे काही आणायचे असेल, तर ते किती सोयीचे आहे यापेक्षा ते किती खरे बोलते हे आधी पाहायला हवे. म्हणून आमच्यापुरती कसोटी आजच ठरवली : पहिल्या दिवशी पट्ट्याने घेतलेला आकडाच पुढे रोज तसाच सांगत राहिलो असतो, तर जेवढी चूक झाली असती, त्यापेक्षा आमच्या उपकरणाची चूक स्पष्टपणे कमी असली पाहिजे.

९ नोव्हेंबर २०२५, प्रयोगशाळा

पहिली जोडणी पूर्ण झाली. ईएसपी-३२ फलक (सगळे चालवणारा छोटा संगणकच), बोटाखाली मॅक्स-३०१०२ हा लाल आणि अवरक्त प्रकाशाचा सेन्सर, ईसीजीसाठी एडी-८२३२ आणि दोन्ही हातांची बोटे टेकवायला पोलादी पट्ट्या. छातीला इलेक्ट्रोड चिकटवण्याचा पर्याय आम्ही सुरुवातीलाच बाजूला ठेवला. घरच्या ओसरीवर बसलेल्या बाईंची ईसीजी दोन्ही हातांच्या बोटांवरून मिळत असेल, तर त्यांना अवघडून टाकण्याचे काही कारण नाही. उपकरण फक्त बॅटरीवर चालेल आणि चार्जर लावलेला असताना मोजणीच सुरू होणार नाही, अशी सोय प्रोग्राममध्ये केली आहे, कारण माणसाच्या दोन्ही हातांना जोडलेल्या विद्युतमंडलात भिंतीवरच्या विजेचा संबंध कुठेही येता कामा नये.

तत्त्व असे आहे. हृदयातून निघालेली नाडीची लाट धमनीच्या भिंतीतून धावते, आणि भिंत जितकी ताठ तितका लाटेचा वेग जास्त, हे मोएन्स आणि कोर्टेवेग या दोघांनी १८७८ मध्येच समीकरणात बांधले आहे. दाब वाढला की भिंत ताणली जाते, ताणली की ताठ होते, लाट लवकर पोहोचते. तेव्हा ईसीजीतील उंच टोकापासून बोटात नाडी उमटेपर्यंतचा काळ मोजला की त्यावरून दाबाचा अंदाज करता येतो. मात्र भिंत मुळात किती ताठ आहे हे वयावर, मधुमेहावर आणि ज्याच्या-त्याच्या रक्तवाहिन्यांवर अवलंबून असल्याने प्रत्येक माणसासाठी एकदा तरी पट्टा बांधून उपकरण जुळवून घ्यावे लागते. बाजारातील घड्याळेही याला अपवाद नाहीत. सॅमसंगच्या घड्याळाला दर २८ दिवसांनी पट्ट्याच्या यंत्राशी जुळवणी लागते.

हा काळ बोटापर्यंत साधारण २०० ते २५० मिलीसेकंद भरतो आणि दाबातील १ मि.मी. पारा बदलामागे तो साधारण एका मिलीसेकंदाच्या आसपास सरकतो. सेकंदाला १०० नमुने घेतले तर दोन नमुन्यांतच १० मिलीसेकंदांचे अंतर पडते. म्हणून नमुने ४०० केले आणि लाटेचा पायथा ठरवताना नुसता सर्वांत खालचा बिंदू न घेता, चढाच्या सर्वांत तीव्र जागेची स्पर्शरेषा पायथ्याच्या रेषेला जिथे छेदते तो क्षण घेतला. प्रकाशाच्या सेन्सरला स्वतःचे वेगळे घड्याळ आहे आणि ते फलकाच्या घड्याळाशी तंतोतंत जुळत नाही. दोन्ही संकेतांवर फलकाच्याच घड्याळाची वेळ उमटवल्याशिवाय कुठल्याही मोजणीला अर्थ राहत नाही. हे काम कंटाळवाणे होते, पण माझ्या विद्यार्थिनीने ते फार मनापासून केले.

२२ नोव्हेंबर २०२५, वडगाव

वडगावात विणकरांच्या घरी गेलो. खाली माग, वर घर, अशी रचना. वरच्या खोलीत खुर्चीवर बसवून मोजणी सुरू केली, तर बोटाच्या संकेतात दुसरीच एक लय मिसळलेली दिसली. खालचा पॉवरलूम मिनिटाला शंभराहून अधिक वेळा धोटा फेकतो. म्हणजे सेकंदाला सुमारे दोन ठोके, जमिनीतून खुर्चीत आणि खुर्चीतून हातात. नाडी आणि तिची उपलय याच वारंवारतेच्या टप्प्यात येत असल्यामुळे नेहमीचा फिल्टर लावून ही थरथर काढता येत नाही. ती काढायला जावे तर नाडीच्या लाटेचा आकारच बिघडतो. त्वरणमापक जोडून हालचाल ओळखणे आणि हालचाल असेल तर मोजणी नाकारणे, हा सरळ मार्ग आम्ही घेतला. घरच्या काकांनी माग थांबवला, तेव्हा पडद्यावरची रेघ लगेच स्वच्छ झाली. "आणि माग बंद ठेवून बीपी बघायचं म्हटलं, तर तेवढ्या वेळाची मजुरी कोण देणार, सर?" असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. मोजणी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत करायची, असे त्यांच्याशी बोलून ठरवले.

६ डिसेंबर २०२५, बेळगाव

आज फक्त तुलनेच्या पद्धतीबद्दल. ज्या मोजणीशी आम्ही तुलना करणार तीच ढिली असेल, तर पुढचे सगळे गणित फुकट जाईल. म्हणून डॉक्टरबाईंनी सांगितलेली शिस्त लिहून भिंतीवर लावली : पाच मिनिटे शांत बसणे, पाठीला टेका, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, दंड हृदयाच्या पातळीला, लघवी करून आलेले असणे आणि मोजताना बोलायचे नाही. दुतोंडी नळीच्या स्टेथोस्कोपने दोघे एकाच वेळी ऐकतात, आकडे एकमेकांना न दाखवता लिहितात आणि दोघांत ४ मि.मी.पेक्षा जास्त फरक पडला तर मोजणी पुन्हा घेतात. आधी पट्टा, मग उपकरण, मग पुन्हा पट्टा, असा क्रम ठेवला आहे.

चहा आणि तंबाखू अर्धा तास आधी वर्ज्य, असा नियम सगळीकडेच लिहिलेला असतो. आमच्या भागात त्यात मिश्रीचे नाव वेगळे घालावे लागले. "तंबाखू खाता का?" असे विचारले की बायका मनापासून नाही म्हणतात, कारण दातांना मिश्री लावणे त्यांच्या लेखी तंबाखू खाण्यात मोडत नाही, पण निकोटीन हिरड्यांवाटे रक्तात जातेच आणि काही काळ दाब चढतोच. संमतिपत्र मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत छापले आहे आणि सही किंवा अंगठा घेण्याआधी ते वाचून दाखवले जाते.

२० डिसेंबर २०२५, वडगाव

आजची चाचणी आतापर्यंतच्या कामात मला सर्वांत बोलकी वाटली. भिंतीला सेंटीमीटरच्या खुणा केलेली लाकडी पट्टी उभी ठोकली आणि बसलेल्या माणसाचे बोट, सेन्सरसकट, आधी हृदयाच्या पातळीला, मग ३० सेंटीमीटर खाली आणि मग तितकेच वर, असे आधारावर ठेवले. रक्ताच्या स्तंभाचा स्वतःचा भार असतो; बोट १० सेंटीमीटर खाली गेले की बोटातला दाब सुमारे पावणेआठ मि.मी. पारा वाढतो, म्हणजे ३० सेंटीमीटरला सुमारे २३. खांद्यापासून बोटापर्यंतच्या वाटेवर ही वाढ क्रमाने होत असल्याने नाडीच्या प्रवासावर साधारण अर्धा परिणाम दिसावा. हृदयापाशी दाब जवळजवळ तोच असतो. म्हणजे कुठलीही गोळी न देता, जिना न चढवता, आधीच ठाऊक असलेला बदल आपल्याला हातातच घडवता येतो.

हात खाली गेला तसा काळ कमी झाला, वर गेला तसा वाढला. दिशा बरोबर आली आणि पुन्हा-पुन्हा तीच आली, त्यामुळे सेन्सर आणि घड्याळ आपापले काम नीट करत आहेत, याची खात्री पटली. पण याच चाचणीचा दुसरा अर्थ जास्त महत्त्वाचा आहे. मांडीवर हात सोडून बसलेल्या माणसाला हे उपकरण जास्त दाब सांगेल, आणि त्या वेळी दंडावरचा खरा आकडा हललेलाही नसेल. मनगटी घड्याळाला हाच नियम लागू आहे. शिवाय आमच्याकडे सुवासिनींच्या मनगटात हिरव्या बांगड्या असतात. घड्याळाचा पट्टा त्यांच्या मागे, कोपराच्या बाजूला सरकतो आणि सेन्सर कातडीपासून उचलला जातो. बांगड्या काढा असे सांगणे आम्हाला मुळीच मान्य नाही.

नंतर त्याच व्यक्तीला उभे केले. दंडाचा दाब फारसा बदलला नाही, उपकरणाने मात्र दाब उतरल्याचे सांगितले. याचे कारण ईसीजीच्या टोकापासून रक्त प्रत्यक्ष महाधमनीत ढकलले जाईपर्यंतच्या तयारीच्या काळात आहे. उभे राहिल्यावर हृदयात परतणारे रक्त कमी होते, हा तयारीचा काळ लांबतो, आणि आमच्या मोजमापात तो प्रवासाच्या काळात मिसळलेला असतो. व्यायामात याच्या उलट घडते : तयारीचा काळ झपाट्याने आखडतो, दाबही चढतो आणि दोन्ही आलेख सुंदर जुळतात. ही जुळणी पाहून हुरळून जाऊ नये, असे मी विद्यार्थ्यांना बजावले आहे. अम्लोडिपिनसारखी गोळी रक्तवाहिन्या सैल करून दाब उतरवते, तेव्हा हृदयाच्या तयारीचा काळ त्याच प्रमाणात बदलेल असे मुळीच नाही. आणि आशाताईंना जाणून घ्यायचे असते ते गोळी लागू पडते आहे का, हेच.

४ जानेवारी २०२६, प्रयोगशाळा

दुसऱ्या विद्यार्थ्याने बॉस्टनच्या रुग्णालयातील अतिदक्षता विभागाच्या, संशोधनासाठी खुल्या असलेल्या 'मिमिक' या रुग्णनोंदींच्या संग्रहावर संगणकाला रक्तदाब ओळखायला शिकवायला घेतले आहे. आकडे फार छान येतात, असे तो सांगत होता. त्याला मी एवढेच विचारले की शिकवायच्या आणि तपासायच्या भागात एकच रुग्ण दोन्हीकडे आहे का. ठोक्यांची वाटणी केली तर असतोच. मग संगणक दाब शिकत नाही, रुग्ण ओळखायला शिकतो आणि त्या रुग्णाचा ठरलेला दाब सांगून मोकळा होतो. रुग्णांची वाटणी करून, म्हणजे तपासणीतला एकही माणूस शिकवणीत येऊ न देता, तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा चूक पुष्कळ वाढली. प्रसिद्ध होणाऱ्या कितीतरी निबंधांत ही वाटणी कशी केली ते पहिल्या वाचनात सापडतही नाही, म्हणून यापुढे आमच्या गटात कुठलाही निबंध वाचताना पहिला प्रश्न हाच राहील.

आणखी एक तपास त्याला सांगितला : बोटाचा संकेत पूर्ण काढून टाक आणि फक्त वय, लिंग, उंची, वजन देऊन बघ; आकडे तेवढेच छान आले, तर संकेताचा काही उपयोग झालेलाच नाही. २०१६ साली 'इन्स्टंट ब्लड प्रेशर' या मोबाइल ॲपच्या अभ्यासात उच्च रक्तदाबाच्या सुमारे ७८ टक्के मोजण्या ॲपने सामान्य असल्याचे दाखवले होते. जे साधन सर्वांना सरासरीच्या जवळचा आकडा देते, ते निरोगी माणसाच्या बाबतीत अचूक भासते आणि ज्याच्यासाठी ते बनवले त्यालाच फसवते. बीपी वाढलेला असताना "ठीक आहे" असे ऐकलेला माणूस गोळी सोडून देतो, आणि पक्षाघात झाल्यावर त्याच्या घरच्यांना आपण काय उत्तर देणार? मला हा प्रश्न या सगळ्या समीकरणांच्या आधी येतो.

११ जानेवारी २०२६, बेळगाव

ठरवलेली कसोटी लावली. बसलेल्या, विश्रांतीतल्या माणसांच्या मोजण्यांत आमचे उपकरण आणि 'पहिलाच आकडा पुन्हा' हा अंदाज यांच्यात सांगण्यासारखा फरक निघाला नाही. उभे राहणे आणि हात लोंबता ठेवणे यांत तर उपकरण अंदाजापेक्षा वाईट ठरले.

पट्ट्याच्या यंत्रांसाठीचा आयएसओ ८१०६०-२ हा मानदंड ८५ व्यक्तींवर सरासरी चूक ५ आणि प्रमाण विचलन ८ मि.मी. पाऱ्याच्या आत मागतो. पट्ट्याशी जुळवून घेतलेले उपकरण स्थिर बसलेल्या माणसांवर काहीही न मोजता या मानदंडाला उतरू शकते. म्हणूनच युरोपियन सोसायटी ऑफ हायपरटेन्शनने २०२३ मध्ये पट्टाविरहित उपकरणांसाठी वेगळ्या चाचण्या सुचवल्या : स्थिर स्थिती, उपकरणाची जागा, औषधोपचार, जाग आणि झोप, व्यायाम, आणि पुन्हा जुळवणी करण्याआधीचा काळ. यांतील जागेच्या चाचणीत आम्ही २० डिसेंबरलाच अडलो आहोत. नाडीच्या काळावरून आकडा सांगण्याचे काम इथे थांबवले.

१ फेब्रुवारी २०२६, उद्यमबाग

नवी दिशा : पट्टा नको, पण दाब हवा. पट्ट्याचे यंत्र बाहेरून दाब देऊन धमनीची धडधड कोणत्या दाबाला सर्वांत मोठी होते ते पाहते. ती जागा मध्यम दाबाच्या, म्हणजे एका ठोक्यातल्या सरासरी दाबाच्या, जवळ असते. बाहेरचा हा दाब माणसाने स्वतःच्या बोटाने दिला, तर पंपही नको आणि आधीची जुळवणीही नको. रामकृष्ण मुक्कमला यांच्या गटाने २०१८ मध्ये फोनला जोडलेल्या सेन्सरवर बोट दाबून हे करून दाखवले, आणि २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतील संशोधकांनी फोनच्या कॅमेऱ्यावर बसणारी, डॉलरपेक्षा कमी खर्चाची स्प्रिंगची क्लिप केली. त्या क्लिपची सरासरी चूक वरच्या दाबात सुमारे ८.७ आणि खालच्या दाबात सुमारे ५.५ मि.मी. होती. ती अजून जास्तच आहे, पण यात दाब खरोखर मोजला जातो, आणि मला तेवढ्याने या मार्गावर विश्वास वाटतो.

आमच्या आराखड्यात १० मि.मी. व्यासाची पितळी तबकडी लोड सेलवर (भार मोजणाऱ्या सेन्सरवर) बसते आणि तिच्या मधल्या छिद्रातून प्रकाश बोटात जातो. एवढ्या तबकडीवर १०० मि.मी. पारा म्हणजे सुमारे १०७ ग्रॅम भार. ढोबळमानाने एका ग्रॅमला एक मि.मी. पारा. व्यासात ०.२ मि.मी.चा फरक पडला तर क्षेत्रफळ चार टक्क्यांनी बदलते आणि १०० च्या जागी ९६ दिसू लागतात. उद्यमबागेतल्या ज्या कारखान्यात आम्ही तबकडी लेथवर करून घेतली, तिथले कारागीर हायड्रॉलिक व्हॉल्व्हची कामे करतात. त्यांना ही काटेकोरी समजावून सांगावी लागली नाही. मायक्रोमीटर लावून त्यांनी स्वतःच माप दाखवले आणि भोवतीच्या कड्याची कड तबकडीशी सपाट नसेल तर बोटाचा भार कड्यावरच जाईल, हेही निदर्शनास आणून दिले. कडे पुन्हा घासून घेतले.

१५ फेब्रुवारी २०२६, निपाणी

विडी वळणाऱ्या बायकांमध्ये मोजणी. पाने कापणे, तंबाखू भरणे, टोके दुमडणे यांत अंगठा आणि तर्जनीचाच सारा वापर असल्यामुळे त्या बोटांची कातडी जाड झालेली असते आणि प्रकाशाचा संकेत क्षीण येतो. अनामिकेवर तो चांगला आला, तेव्हा यापुढे अनामिकाच वापरायची. सकाळच्या गारव्यात बोटे थंड होती. हात एकमेकांवर चोळून गरम केल्यावर लाट दुपटीहून उंच झाली. बोट हृदयाच्या पातळीला राहावे म्हणून गुडघ्यांवर विडीचे सूप असते तसेच राहू दिले आणि त्यावर उंचीचा ठोकळा ठेवून उपकरण मांडले. बसायची सवय मोडावी लागली नाही, म्हणून हात स्थिर राहिला.

पडद्यावरची चढती रेघ पाहून बोट हळूहळू दाबायचे, अशी आमची कल्पना होती. एका काकूंनी सांगितले, "रेघ दिसत नाही रे बाळा, चष्मा घरी राहिला." विद्यार्थ्याने तिथल्या तिथे प्रोग्राम बदलून बझर जोडला : भार कमी तर ठोके सावकाश, जास्त तर जलद. काकूंनी डोळे मिटून, नुसत्या कानाने, जवळजवळ अर्धा मिनिट इतका एकसारखा भार वाढवला की धडधडीचा आलेख चढून, माथ्याला पोहोचून, व्यवस्थित उतरला. दोन्ही पट्टामोजण्यांच्या मध्ये हा आकडा बसला. एका व्यक्तीवरून निष्कर्ष काढणार नाही. पण दाबायचे कसे हे कानाला सांगावे, हा उपाय कायम ठेवला आहे.

८ मार्च २०२६, बेळगाव

डॉक्टरबाई, विद्यार्थी आणि दोन आशाताई यांच्यासोबत बैठक. बोटाच्या दाबाचे उपकरण ८५ व्यक्तींच्या चाचणीसाठी तयार करायचे, त्यात १४० च्या वरचे, १०० च्या खालचे आणि मधले असे सर्व प्रकारचे लोक घ्यायचे, आणि नीतिसमितीची पुढची परवानगी येईपर्यंत गावात नवी मोजणी करायची नाही, असे ठरले. चाचणी पूर्ण होईपर्यंत पडद्यावर रक्तदाबाचा आकडा दिसणार नाही; तो फक्त उपकरणाच्या आतल्या मेमरी कार्डावर साठेल. एका आशाताईंनी आकडा दिसावा असा आग्रह धरला, कारण लोक आकडाच विचारतात. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ॲपलच्या घड्याळाला मान्यता दिली, तीही उच्च रक्तदाबाची शक्यता कळवण्याची, आकडा दाखवण्याची नाही, हे त्यांना सांगितले. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजीच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनाही निदान आणि उपचारासाठी पट्टाविरहित उपकरणे सध्या वापरू नका असेच सांगतात. त्यांना ते पटले.

मधल्या काळात आमच्याकडे उरलेल्या निधीतून दोन्ही आशाताईंच्या पिशव्यांमध्ये लहान, मध्यम आणि मोठा असे तीन मापांचे पट्टे आणि दंडाचा घेर मोजायची फीत द्यायची आहे. घराघरांतल्या कार्डावर आकड्याशेजारी पट्ट्याचे माप आणि कोणत्या हातावर मोजले, हे दोन रकाने वाढवले आहेत. जांबोटीच्या फेरीआधी पट्टे आले पाहिजेत. मागणी उद्या पाठवतो.